बाबा फोनसमोर गप्प होतात: घरच्या माणसांशी गप्पा रेकॉर्ड केलेल्यांनी अनुभव सांगा

अर्धविराम

माझे बाबा ७८ वर्षांचे आहेत. उभी नोकरी तारमास्तर म्हणून केली. मोर्सच्या, म्हणजे तारेच्या सांकेतिक ठोक्यांच्या, कट्ट-कडकट्टवर कान ठेवून समोरच्या कागदावर शब्द उतरवत जाणं हे त्यांचं काम. घरात सहज बोलायला लागले की ऐकत राहावं. रात्रपाळीत झोप कशी आवरायचे, कुठल्या माणसाचा हात कसा ओळखू यायचा (तारेच्या पलीकडे कोण बसलंय ते नुसत्या ठोक्यांच्या लयीवरून कळायचं म्हणे), सहा भावंडांत एक सायकल कशी वाटून घेतली, असं कितीतरी.

हे सगळं त्यांच्याच आवाजात जपून ठेवायचं ठरवलं. तीनदा प्रयत्न केला. फोन टेबलावर ठेवून "बाबा, आता सांगा" म्हटलं की ते म्हणतात, "काय सांगू? विशेष असं काही नाही." तिसऱ्या वेळी तर त्यांनी जन्मतारीख, शिक्षण, बदल्यांची वर्षं असं ओळीनं सांगितलं आणि ११ मिनिटांत "झालं" म्हणून उठले. ऐकताना वाटतं, कुणीतरी अर्ज वाचून दाखवतंय. त्यांची श्रवणशक्ती कमी होत चालली आहे, त्यामुळे मला थांबायचं नाही.

ज्यांनी आईवडिलांशी, आजीआजोबांशी, नवराबायकोनी एकमेकांशी अशा गप्पा रेकॉर्ड केल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. कसं केलं, काय चुकलं, काय हाती लागलं.

---

रानजाई

फार जिव्हाळ्याचा विषय. माझंही हेच अडलंय. वाचत राहीन.

---

कानोसा

अर्धविराम, तुमचे बाबा गप्प होत नाहीत, ते "मुलाखतीला" बसतात. फरक तिथेच आहे.

आमच्या वाचनालयात मी चार वर्षं एक उपक्रम सांभाळते आहे. परिसरातली माणसं जोडीनं येतात: आई-मुलगी, दोन भाऊ, शेजारी-शेजारी, एकदा तर शिक्षिका आणि तिचा पन्नाशीचा विद्यार्थी. एका छोट्या खोलीत समोरासमोर बसतात आणि बोलतात. मी कोपऱ्यात यंत्रापाशी असते, पण प्रश्न विचारत नाही.

ही कल्पना आमची नाही. डेव्ह आयसे या रेडिओ-निर्मात्याने २३ ऑक्टोबर २००३ रोजी न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात एक लहानशी खोली उभी केली आणि 'स्टोरीकोअर' सुरू झालं. एकमेकांना ओळखणारी दोन माणसं आत जातात, ४० मिनिटं बोलतात, सोबत मदतीला एक कार्यकर्ता असतो. रेकॉर्डिंगची एक प्रत त्यांना मिळते आणि त्यांनी परवानगी दिली तर दुसरी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या लोकजीवन केंद्रात जमा होते. २००५ पासून त्यांची फिरती गाडी गावोगाव जाऊ लागली, २०१५ मध्ये अ‍ॅप आलं. बीबीसीनेही २०१२ मध्ये 'द लिसनिंग प्रोजेक्ट' याच धर्तीवर सुरू केला. त्यातली संभाषणं ब्रिटिश लायब्ररीत ठेवली आहेत.

यातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे विचारणारा परका नसतो. वार्ताहराला माणूस माहिती देतो. मुलीशी बोलताना मात्र तो अर्धं वाक्य सोडून देतो, कारण उरलेलं तिला माहीत असतं, मग ती म्हणते, "नाही बाबा, हे मला कधीच सांगितलं नव्हतंत." तिथून खरं बोलणं सुरू होतं. तुम्ही "आता सांगा" म्हणून स्वतः बाजूला झालात. तुम्हीही त्या गप्पांत बसा. तुमच्या आठवणी सांगा, त्यांच्याशी वाद घाला. तुमचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये असायलाच हवा.

आता प्रश्नांबद्दल. "तुमचं बालपण कसं होतं?" हा प्रश्न आम्ही कुणाला विचारूच देत नाही. त्याला उत्तर एकच: "चांगलं होतं." त्याऐवजी, सकाळी जाग यायची तेव्हा पहिला आवाज कुठला ऐकू यायचा? घरात तुमची झोपायची जागा कोणती? कुणाच्या पावलांची भीती वाटायची? पहिला पगार कुणाच्या हातात दिला? उत्तर देताना माणसाला डोळ्यांसमोर काहीतरी दिसावं लागतं, आणि एकदा दिसलं की मग तो आपला आपण चालू लागतो.

आणि सगळ्यात अवघड, गप्प बसणं. त्यांचं उत्तर संपलं असं वाटलं की मनात पाच आकडे मोजा. पुष्कळदा चौथ्या आकड्याला ते पुन्हा बोलतात, आणि ते बोलणं पहिल्यापेक्षा खोल असतं. ही पाच सेकंदं फार लांब वाटतात. तरी थांबा.

---

पाऊलवाट

कानोसा यांनी "तुमचा आवाज असायलाच हवा" लिहिलं ते वाचून बराच वेळ पुढे वाचवेना.

माझ्या आईला जाऊन नऊ वर्षं झाली. ती गेली त्याच्या दोन वर्षं आधी मी तिच्याशी जवळजवळ तीन तास बोलले आणि सगळं रेकॉर्ड केलं. मग भावंडांना द्यायचं म्हणून बसून नीट 'स्वच्छ' केलं. माझे प्रश्न कापले, माझं हसणं कापलं, मध्येच मी "अगं थांब, दार वाजतंय" म्हणाले तेही कापलं. वाटलं, लोकांना आई ऐकायची आहे, मी कशाला? मूळ फाईल जागा अडवते म्हणून पुसून टाकली.

आता त्यात आई एकटीच बोलते. कुणाला तरी "तू तेव्हा किती रडली होतीस!" म्हणते आणि पलीकडे शांतता. ती हसते, पण कशाला हसली ते कळत नाही. तीन तास मी तिच्यासमोर बसले होते याचा त्या फाईलमध्ये कुठेही पुरावा नाही.

मूळ रेकॉर्डिंग कापू नका. कुणाला द्यायला छोटं करायचं तर त्याची वेगळी प्रत काढा.

---

रानजाई

पाऊलवाट, वाचून गलबलून आलं. मनापासून लिहिलंत, आभार.

---

जुनी_फीत

पाऊलवाट यांच्यासारखंच मोठ्या संस्थांच्या हातूनही झालं आहे. अ‍ॅलन नेव्हिन्स या इतिहासकाराने कोलंबिया विद्यापीठात १९४८ मध्ये मौखिक इतिहासाचं, म्हणजे लोकांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून टिपून ठेवण्याचं, काम सुरू केलं, आधुनिक मौखिक इतिहासाची सुरुवात तिथून धरतात. पण सुरुवातीच्या काळात बोलणं कागदावर उतरवून झालं की टेप पुसून पुन्हा वापरायचे. कागद हाच खरा दस्तऐवज असं तेव्हाचं मत. शब्द राहिले, आवाज गेले.

आणि याच्या अगदी उलट उदाहरण, डेव्हिड बोडर. शिकागोचे मानसशास्त्राचे प्राध्यापक. १९४६ मध्ये ते पोलादी तारेवर आवाज टिपणारं यंत्र घेऊन युरोपात गेले आणि नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या शंभराहून अधिक लोकांशी बोलले, ज्याच्या त्याच्या भाषेत. त्यात बोडर यांचे प्रश्न आहेत, अडखळणं आहे, मध्येच एखादी गोष्ट न समजून पुन्हा विचारणं आहे. त्या छावण्यांबद्दल जगाला अजून नीट शब्दही सापडले नव्हते. विचारणाऱ्याला जे कळत नाही ते ऐकू येतं, म्हणूनच ती रेकॉर्डिंग इतकी खरी वाटतात.

माझा अनुभव जुन्या कॅसेटींचा. आजीच्या आवाजाची एक ६० मिनिटांची कॅसेट घरात होती. एका बाजूवर आजी, दुसरी कोरी. माझ्या चुलतभावाने अजाणता आजीच्याच बाजूवर रेडिओवरची गाणी भरली. आजीचे शेवटचे सहा मिनिटं तेवढे उरले. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, त्या मोडल्या की त्यावर पुन्हा रेकॉर्ड होत नाही. एवढं त्या वेळी कुणी केलं असतं तर!

ज्यांच्याकडे अशा कॅसेटी असतील त्यांच्यासाठी:

आहे त्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घाईनं घालून बघू नका. आधी हेड (फितीवरचा आवाज उचलणारा भाग) आणि रबरी चाक साफ करा, हेडसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस चालतो. फीत हाताने पेन्सिल फिरवून सैल आहे का पाहा. आतली फीत दाबून धरणारी लोकरीची छोटी गादी जुन्या कॅसेटींत गळून पडलेली असते. तेव्हा आवाज दबलेला येतो आणि लोक समजतात फीतच गेली. ती गादी बदलता येते, नाहीतर फीत दुसऱ्या खोक्यात घालता येते. कॅसेट वाजवून संगणकावर घ्यायला ६० मिनिटांच्या फितीला ६० मिनिटंच लागतात, तिथे घाई नको. पहिल्याच वाजवण्यात रेकॉर्ड करा, कारण नाजूक फितीला दुसरी खेप सोसेलच असं नाही.

---

निळीशाई

सगळ्यांच्या भावना समजतात, पण एक वेगळी बाजू मांडते.

आमच्याकडे मामेबहिणीने आजोबांशी केलेलं बोलणं कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं. आजोबा मोकळेपणाने बोलले होते, त्यात त्यांनी आपल्या धाकट्या भावाबद्दल पैशांच्या व्यवहारातली एक गोष्ट सांगितली होती. तो भाऊ हयात होता. त्याची मुलंही त्याच ग्रुपवर. दोन घरांचं येणंजाणं तुटलं ते आजोबा जाईपर्यंत जुळलं नाही. आजोबांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की आपण बोलायलाच नको होतं.

आपल्या माणसाने आपल्याशी केलेलं बोलणं ही आपली मालमत्ता होत नाही. त्यातल्या तिसऱ्या माणसाला तर कुणी विचारलेलंच नसतं. मी माझ्या आईचं बोलणं कधीच रेकॉर्ड केलं नाही आणि मला त्याची खंत नाही. ती जे बोलली ते माझ्यात आहे.

---

कानोसा

निळीशाई, तुमचा मुद्दा मी अजिबात झटकणार नाही. म्हणूनच आम्ही परवानगी दोनदा घेतो. एकदा सुरू करण्याआधी, एकदा संपल्यावर, कारण काय बोललो हे माणसाला बोलून झाल्यावरच कळतं. दुसऱ्या वेळी तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारतो: घरात कुणाला ऐकवायचं, वाचनालयात ठेवायचं का, आणि लोकांसमोर आणायचं का. पुष्कळ जण पहिल्याला हो आणि बाकी दोन्हींना नाही म्हणतात. एका आजींनी सांगितलं, "माझ्या मागे दहा वर्षांनी उघडा." तसं पाकिटावर लिहून ठेवलं आहे.

तुमच्या आजोबांच्या बाबतीत रेकॉर्ड करणं चुकलं नाही, ते सगळ्यांना पाठवणं चुकलं असं मला वाटतं.

---

निळीशाई

संपल्यावर पुन्हा विचारायचं हे मला पटलं. आमच्याकडे ते कुणी केलं असतं तर आजोबांनी नक्की "हे काढ" म्हटलं असतं. बाकी माझं मत कायम आहे.

---

सांजवारा

ज्यांच्या घरी स्मृतिभ्रंशाचा माणूस आहे त्यांच्यासाठी लिहितो.

आईला सकाळी कोण येऊन गेलं ते दुपारी आठवत नाही. मला ती कधी भाऊ समजते, कधी ओळखीचा कुणीतरी. आता रेकॉर्ड करून काय मिळणार असं सगळे म्हणाले. पण डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती पकडून ठेवली: माणसाला साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी सगळ्यात दाट असतात, आणि या आजारात अलीकडचं आधी जातं, जुनं बराच काळ टिकतं. म्हणून मी तिला "आठवतंय का?" असं विचारणंच सोडून दिलं. त्या प्रश्नाने ती घाबरते, परीक्षेला बसल्यासारखी होते. मी तिच्या हातात वस्तू देतो. तिची जुनी शिवणाची कात्री दिली तेव्हा ती २० मिनिटं बोलली: कापड उभ्या धाग्यावर कसं लावायचं, कळी कशी काढायची, शिकवणाऱ्या बाई चुकलं की बोटावर पट्टी कशी मारायच्या. एकही शब्द अडला नाही.

तिची चूक मी दुरुस्त करत नाही. ती मला भाऊ समजून बोलली तर मी भाऊ होऊन उत्तर देतो. अशा एका रेकॉर्डिंगमध्ये ती मामाला, म्हणजे मला, सांगते की तिला पुढे शिकायचं होतं आणि दादांना सांगायचा धीर झाला नाही. मुलाला हे तिने कधीच सांगितलं नसतं.

वेळ सकाळची ठेवा. १५-२० मिनिटांच्या वर नको. कंटाळली, चिडली की लगेच थांबा, बंद करा, हात धरून बसा.

---

उंबरठा

सांजवारा, तुमच्या धीराला नमस्कार.

माझं थोडक्यात. काकांशी झालेल्या बोलण्याच्या पाच फाईली, सगळ्या एकाच फोनमध्ये. फोन दुरुस्तीला दिला, परत आला तो पूर्ण कोरा. काका तोवर गेले होते. प्रत एकही नव्हती. रेकॉर्ड केलं त्याच दिवशी दुसरी प्रत काढा, एवढंच सांगायला लॉगिन केलं.

---

जुनी_फीत

उंबरठा, फार वाईट वाटलं. यातली साधी रीत सांगतो: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. म्हणजे संगणकावर एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक, आणि एक बहिणीच्या घरी किंवा ऑनलाइन साठवणीत. डिस्क वर्षातून एकदा उघडून फाईल वाजते का पाहायची.

जागेची काळजी अनेकांना असते म्हणून आकडे देतो. वेव्ह प्रकारात (यात आवाज दाबला जात नाही), ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो ठेवलं तर मिनिटाला साधारण ५ एमबी, म्हणजे ४० मिनिटांच्या गप्पा सुमारे २१० एमबी. मूळ प्रत अशीच ठेवा, ऐकायला-पाठवायला एमपी३ काढा. व्हॉट्सॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून बोलणं घेऊ नका, त्यात आवाज बराच दाबला जातो. तयार फाईल पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून जोडा.

फोन विमान मोडवर, पंखा बंद, खिडकी बंद, भिंतीवरचं टिकटिकणारं घड्याळ दुसऱ्या खोलीत. फोन नुसत्या टेबलावर ठेवू नका, खाली घडी घातलेला टॉवेल घाला. नाहीतर टेबलावर हात ठेवला तरी धप्प असा आवाज येतो. तोंडापासून वीतभर अंतर. सुरुवातीला दोघांनी नाव, वय, तारीख आणि आपलं नातं सांगायचं. आज ते उगाच वाटेल, पण ५० वर्षांनी फाईलचं नाव हरवलं तरी आवाज स्वतःची ओळख सांगेल.

जाता जाता. फोनोग्राफ, म्हणजे आवाज टिपून पुन्हा ऐकवणारं एडिसनचं यंत्र, १८७७ मध्ये आला. पुढच्याच वर्षी एडिसनने एका लेखात त्याचे उपयोग दिले, त्यात घरच्या माणसांच्या आठवणी आणि मरणाऱ्याचे शेवटचे शब्द त्यांच्याच आवाजात जपणं हा एक होता. यंत्र हातात आल्याबरोबर माणसाला हे सुचलं होतं.

---

अर्धविराम

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण सांगण्यासारखं घडल्यावरच यायचं ठरवलं होतं.

सांजवारांची कात्री डोक्यात राहिली. माळ्यावर बाबांची मोर्सचे ठोके द्यायची जुनी सरावाची चावी होती, पितळेची, लाकडी पाटीवर बसवलेली. ती पुसली आणि त्यांच्यासमोर ठेवली. फोन शेजारी, टॉवेलवर. नाव, वय, तारीख, नातं दोघांनी सांगितलं. "मी तुझा बाप" असं म्हणताना ते हसले आणि तिथेच अवघडलेपण गेलं.

मी म्हटलं, "मला लहानपणी वाटायचं तुम्ही रात्री जाता ते दुसऱ्यांची गुपितं ऐकायला." त्यावर ते एकदम म्हणाले, "होतंच ते तसं." मग अर्धा तास मला काही विचारावंच लागलं नाही. कुणाचं लग्न मोडल्याची तार, कुणाला मुलगा झाल्याची, शब्दांमागे पैसे पडतात म्हणून लोक दुःखही कसं मोजून मांडायचे, आणि आपल्याला कळलेलं घरी बायकोलाही सांगायचं नाही ही शिस्त.

मग ते थांबले. मी पाच मोजले. काहीच नाही. कानोसा, मी जवळजवळ दहापर्यंत गेले. आणि मग त्यांनी सांगितलं की एकदा रात्रपाळीत त्यांच्या स्वतःच्या नावाची तार आली होती. पलीकडून ठोके येत होते आणि ते नेहमीसारखे अक्षर अक्षर उतरवत गेले. पूर्ण झाल्याची पोच दिली, वेळ टाकली, आणि मग कागद वाचला.

त्या तारेत काय होतं ते इथे लिहीत नाही. निळीशाई, तुमच्यामुळे संपल्यावर बाबांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, बाकी सगळं भावंडांना दे, ते तेवढं तुझ्याकडे राहू दे. तशा दोन वेगळ्या फाईली केल्या आहेत. पूर्ण असलेली माझ्याकडे, तीन प्रतींत, कुठेही न कापता. फोनची रिंग नाही, पण मध्ये मी नाक ओढल्याचा आवाज आहे, तोही ठेवला.

शेवटी त्यांनी चावीवर माझं नाव वाजवलं. बोटं आता थरथरतात, तरी लय लागली होती. मला त्यातलं एक अक्षरही कळलं नाही. रेकॉर्डिंगमध्ये त्यानंतर माझा आवाज आहे, "बाबा, परत वाजवा, सावकाश." आणि ते परत वाजवतात, प्रत्येक अक्षरानंतर थांबून.